धुऱ्यापलीकडचं घर

बाबा गेले त्या वर्षी, म्हणजे शहाऐंशी साली, आमच्याकडे दिवाळी नव्हती. आईने तुळशीपाशी एक पणती लावली आणि दार लोटून घेतलं. मी नागपूरहून सौंसरला आले होते ती बाबांचं कपाट आवरायला. आवरत काहीच नव्हते. एखादं पुस्तक काढायचं, समासात त्यांनी पेन्सिलीने लिहिलेलं बारीक ‘का?’ वाचायचं आणि पुस्तक होतं तिथे परत ठेवायचं, एवढंच चाललं होतं.

सौंसरच्या कचेरीत बाबांना, रघुनाथरावांना, सगळे ओळखायचे ते शेतीच्या भांडणांचे वकील म्हणून. ते कायद्यावर लेख लिहितात हे फार थोड्यांना ठाऊक होतं, आणि ते लेख वाचणारी गावात मी एकटीच. मी नागपूरच्या एका कॉलेजात संध्याकाळी कायदा शिकवत असे. माणसाच्या व्यवहारात सरकारने कुठवर हात घालावा, या विषयावर माझा प्रबंध चालला होता. त्याचं प्रत्येक प्रकरण आधी सौंसरला यायचं, आणि जागोजागी ‘का?’ घेऊन नागपूरला परत जायचं. शेवटचं प्रकरण त्यांच्या टेबलावर तसंच पडलेलं होतं. त्यावर एकही खूण नव्हती. वकिलीची सनद माझ्याकडेही होती. पण कुणाची बाजू घेऊन मी कधी उभी राहिले नव्हते.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गुणवंता आला आणि नेहमीप्रमाणे चपला काढून ओट्याच्या कडेला बसला. तो बाबांचा जुना पक्षकार. लोधीखेड्याच्या पुढे, सीमेला लागून त्याचं गाव.

“नलूताई, माहे बैल पकडले,” तो म्हणाला.

“कुणी?”

“सरकारनं. माहे बैल, माही गाडी, अन माहाच कापूस. तिन्ही जप्त.”

जे झालं ते सांगायला त्याला वेळ लागला, कारण मधूनमधून तो स्वतःच हसत होता. महाराष्ट्रात तेव्हा शेतकऱ्याने आपला कापूस सरकारलाच विकायचा असा कायदा होता. व्यापाऱ्याला विकता येत नसे आणि परवान्याशिवाय राज्याबाहेर नेता येत नसे. आमच्या मध्यप्रदेशात तसा कायदा नव्हता. त्यामुळे पांढुर्ण्याच्या बाजारात भाव चढला की पलीकडचा कापूस नाल्याओढ्यांतून इकडे यायचा, आणि तो अडवायला सीमेवर नाके बसवलेले होते. गुणवंताचं घर मध्यप्रदेशात आणि शेत महाराष्ट्रात. त्याच्या बापाच्या काळी दोन्ही एकाच प्रांतात होतं. छप्पन साली प्रांतांची वाटणी झाली आणि रेघ नेमकी त्याच्या शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, गेली.

“शिपायानं इचारलं, कोठी चालला? म्हटलं, घरी. म्हणे, घर कोठी? म्हटलं, थ्या बाजूले. झालं! म्हणे, उतर खाली.”

“पण तुम्ही रस्त्याने कशाला गेलात? नेहमी शेतातूनच जाता ना?”

“नाल्यात गारा-चिखल हाय अजून. अन मी काय चोर हाओ काय, लपून जाले? बैलाले घंट्या बांधून गेलो, ताई. अर्ध्या कोसावरून ऐकू येत होत्या थ्या शिपायाले.”

आई चहा घेऊन बाहेर आली. “अहो, पण कापूस सरळ पलीकडच्या खरेदी केंद्रावरच न्यायचा होता. इकडे कशाला आणायचा?”

गुणवंताने तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने विचारावं असा हा प्रश्न नव्हता. “पहिल्या वेचणीचा कापूस घरी आल्याबिगर बाजारात जाते काय, माय? पंचफुला ताट घेऊन दारात उभी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी नेतच होतो केंद्रावर.”

आमच्याकडची ही रीत मला ठाऊक होती. पहिल्या वेचणीची गाडी आधी घरापुढे उभी राहते. बाई बैलांच्या पायावर पाणी घालते, कुंकू लावते, गाडीला ओवाळते. त्यातला थोडा कापूस देवापुढे जातो आणि वर्षभराच्या वाती त्याच कापसाच्या होतात. तोवर गाडी विकायला निघत नाही. घर आणि बाजार एकाच बाजूला असणाऱ्यांना यात अडचण नव्हती.

“सोमवारी सुनावणी हाय,” गुणवंता म्हणाला. आता तो हसत नव्हता. “सरकारी खातं म्हणून राह्यलं का जनावरं सांभाळणं होत नाही, लिलाव करतो. कोंडवाड्यात हायेत दोघं, लाखा अन बांड्या. लाखाले काई नाही, थो कोठीही खाते. पण बांड्यानं तोंड नाही लावलं वैरणीले. परवा जाऊन पाहून आलो. गहू पेराचा हाय, ताई. बैल गेले तं यंदा वावर पडीक.”

“मी तुम्हाला नागपूरचा चांगला वकील देते.”

“नागपूरचा वकील येऊन समजून घेईन तोवर बैल दुसऱ्याच्या दावणीले. तुमीच चाला. वकीलसाहेबाइनं याच गोष्टीवर लेख लिहिला होता म्हणे. थोच दाखवा न साहेबाले.”

आईने माझ्याकडे पाहिलं. मी कप खाली ठेवला.

“भाऊ, तो लेख तुमच्या बाजूचा नाही.”

“हात्!” गुणवंता म्हणाला. “वकीलसाहेब माह्या बाजूचे कधी होते? दहा वर्षं याच ओट्यावर भांडलो त्यायच्यासंग. पण चहा पाजल्याबिगर कधी जाऊ देल्लं नाही. तुमी चाला तं खरं.”

तो लेख मीच टाइप केला होता. चार वर्षांपूर्वी नागपूरच्या एका कायदेविषयक नियतकालिकात तो छापून आला. बाबांचा या कायद्यावर विश्वास होता, आणि त्या विश्वासाला कारण होतं. त्यांचे वडील पांढुर्ण्याच्या कापूस बाजारात दलाल होते. लहानपणी बाबा त्यांच्यासोबत जायचे. भाव तोंडाने ठरत नसे. दोन माणसं रुमालाखाली हात घालून एकमेकांची बोटं धरायची आणि ज्याचा कापूस तो शेतकरी बाजूला उभा राहून रुमालाकडे बघायचा. त्या रुमालाखाली काय ठरलं हे त्याला नंतर कळायचं. बाबा म्हणायचे, सरकार भाव फळ्यावर खडूने लिहितं, एवढ्या एका गोष्टीसाठी मी या कायद्याचे शंभर अपराध पोटात घालीन.

आणि त्यांनी लिहिलं होतं, “अपवाद केला जातो प्रामाणिक माणसासाठी, आणि तो वापरतो लबाड.”

हे वाक्य टाइप करताना मी थांबले होते. मी विचारलं होतं, “आणि ज्याचं घरच रेघेपलीकडे आहे, त्याने काय करायचं?”

“परवाना घ्यावा.”

“परवान्याचं कार्यालय कुठे आहे ठाऊक आहे का तुम्हाला? त्याची दोन दिवसांची मजुरी बुडेल.”

“मग कार्यालय जवळ आणा म्हणून भांड. नियमाला भोक पाडू नकोस.”

आम्ही त्यावर जेवेपर्यंत आणि जेवल्यावरही बोलत राहिलो. वाद मिटला नाही. मिटवायची घाईही नव्हती. पुढच्या सुटीत पुन्हा बोलू, असंच दोघांनी धरलं होतं.

सुनावणी पलीकडच्या तालुक्याच्या गावी होती. गुणवंता आणि पंचफुला माझ्या आधी पोचले होते. पंचफुला उंच, सडसडीत बाई. नऊवारीचा पदर खोचून व्हरांड्यात बसली होती. मला पाहून ती उठली. “कोंडवाड्यात जाऊन आली मी,” ती म्हणाली. “माह्या हातानं चार घास खाल्ले बांड्यानं. बाई, दोघायले तं घेऊनच जाऊ न आज?”

मी म्हटलं, “बघू.”

सुनावणी घेणारे अधिकारी मानकर नावाचे होते. स्थूल, सर्दीने बेजार, गळ्याला मफलर. खात्याच्या बाजूने जो तरुण वकील उठून उभा राहिला त्याला पाहून मी चमकले. तो रवींद्र कडू, तीन वर्षांपूर्वीचा माझा विद्यार्थी.

“मॅडम, तुम्ही?” तो पुटपुटला आणि सवयीने हात जोडले.

“तुमच्या गुरू का?” मानकर म्हणाले. “मग आज सोपं आहे. शिष्य हरला तरी गुरूचीच कीर्ती. चला, बोला.”

रवींद्र चांगला बोलला. कायदा स्पष्ट आहे, कापूस सीमा ओलांडत होता, परवाना नव्हता, मालकाने स्वतः कबूल केलं आहे. हेतू काय होता हा प्रश्नच उद्भवत नाही, कारण कायदा हेतू विचारत नाही. “आणि तो का विचारत नाही,” असं म्हणून त्याने पिशवीतून काही पानं काढली, “हे एका अभ्यासू लेखकाने फार नेमकं सांगितलं आहे.”

पानं मी ओळखली. वर्गात तीच मी वाटली होती. लेखक कोण ते मुलांना कधी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर कुणी मोकळेपणी टीका केली नसती.

“‘अपवाद केला जातो प्रामाणिक माणसासाठी,’” रवींद्र वाचत होता, “‘आणि तो वापरतो लबाड.’”

मानकरांनी मान डोलवली. वाक्य त्यांना आवडलं होतं. गुणवंताने माझ्याकडे पाहिलं आणि अगदी हळू विचारलं, “वकीलसाहेब?” मी मान हलवली. तो सावरून बसला, जणू कुणी मोठं माणूस खोलीत आलं होतं.

मी उठले. मग मी जे खरं होतं तेच सांगितलं. “साहेब, वकिलांनी लेख बरोबर वाचला. एक शब्दही गाळला नाही. तो माझ्या वडिलांनी लिहिलेला आहे. ते दोन महिन्यांपूर्वी गेले.”

रवींद्रचा चेहरा उतरला. “मॅडम, मला ठाऊक नव्हतं. साहेब, मी हे मागे घेतो.”

“मागे घेऊ नका,” मी म्हटलं. “वडिलांना ते आवडलं नसतं. राहू द्या ते वाक्य. मला ते पटत नाही. त्यांच्या हयातीत मी त्यांना हे सांगितलं होतं, आज तुमच्यासमोर सांगते.”

मग बोलणं सोपं झालं. मी म्हटलं, मी अपवाद मागत नाही. कायदा काय अडवू पाहतो ते आधी बघू. सरकारला टाळून कापूस दुसऱ्याला विकला जाऊ नये, म्हणून तो बाहेर जाऊ द्यायचा नाही. म्हणजे मनाई विक्रीसाठी आहे, वाटेसाठी नाही. या माणसाचा सातबारा इथला, शेतकऱ्यांच्या नोंदीत नाव इथलं, विकायचं केंद्र इथलं. बाहेर आहे ते फक्त घर. शिपायाने विचारलं, कुठे चाललास? हा प्रश्न बरोबर होता. पण माणसाचे बैल काढून घेण्याआधी दुसराही विचारायला हवा होता की, तिथून पुढे कुठे नेणार? तो कुणी विचारलाच नाही. ज्याच्या हाती जप्तीचा अधिकार आहे, त्याच्यावर आधी विचारण्याचं बंधन आहे.

“आणि लबाडाने दुसऱ्या प्रश्नाचंही खोटं उत्तर दिलं तर?” मानकरांनी विचारलं.

“तर त्याचं नाव, शेत, वजन नाक्यावर लिहून घ्या. उद्या संध्याकाळपर्यंत माल केंद्रावर आला नाही तर तो पकडलाच गेला. आपलं नाव-गाव नाक्यावर ठेवून जाणारा चोर शोधायला कठीण नाही.”

“बैलही ठेवून घ्या म्हटलं असतं,” गुणवंता मध्येच म्हणाला, “पण साहेब, मग गाडी काय मी अन पंचफुलानं ओढाची?”

“तुम्ही गप्प बसा हो,” मानकर म्हणाले. पण ते हसू दाबत होते. मग त्यांनी चष्मा काढला. “बाई, एक विचारू? तुमचे वडील इथे असते तर यावर काय म्हणाले असते?”

मला खोटं बोलता आलं असतं. “ते म्हणाले असते, नाक्यावरच्या शिपायाला अशी विचारपूस करायला लावाल, तर उद्या तो ती विचारपूस विकायला काढील. एकाला सोडील, एकाला अडवील. नियम आंधळा आहे तोवरच गरिबाला सुरक्षित आहे.”

“मग? याला तुमचं उत्तर?”

“पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. पण शिपाई उद्या बिघडेल या भीतीची किंमत आज या माणसाच्या बैलांनी का द्यावी, हे मला कुणी समजावून दिलेलं नाही. वडिलांनीही नाही.”

मानकरांनी टेबलावरचे कागद पुन्हा चाळले. बाहेर व्हरांड्यात पंचफुला कुणाला तरी सांगत होती की आतमध्ये वकीलसाहेबांची पोरगी बोलून राह्यली. मग मानकरांनी सांगितलं, बैल आणि गाडी सोडण्यात येत आहे, सरकारला फसवण्याचा हेतू दिसत नाही. कापूस इथूनच सरळ खरेदी केंद्रावर जाईल.

मी कागद आवरायला लागले. गुणवंता उभा राहिला, त्याने हात जोडले आणि म्हणाला, “नाही साहेब.”

“काय नाही?”

“कापूस आधी घरी नेईन. मग केंद्रावर.”

“भाऊ,” मी दबल्या आवाजात म्हटलं, “बैल मिळाले ना? आता पुरे.”

तो माझ्याकडे वळला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, नुसतं कुतूहल होतं. “ताई, तुमीच सांगत होत्या न आत्ता, का घरी नेणं गुन्हा नाही? का उगाच म्हटलं?”

मानकर खुर्चीत मागे टेकले. “द्या बाई उत्तर. मी पण ऐकून राहिलो.”

उत्तर एकच होतं. मी म्हटलं, “उगाच नाही म्हटलं. मी जामीन राहते.”

“उद्या दिवस मावळायच्या आत हा कापूस केंद्राच्या काट्यावर दिसला पाहिजे,” मानकर म्हणाले. “नाही दिसला तर गुन्हा तुमच्यावरही नोंदवला जाईल. सनद आहे ना तुमच्याकडे? ती राहील की जाईल, त्याचा विचार करून सही करा.”

मी सही केली. कोंडवाड्यातून बैल निघाले तेव्हा पंचफुला पुढे आणि बैल मागे, असे चालले होते. कुणी कासरा धरलेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी सकाळच्या बसने केंद्रावर गेले. कापसाच्या गाड्यांची लांब रांग लागलेली, आवारात पांढरे ढीग, काट्यापाशी आरडाओरडा. दर फळ्यावर खडूने लिहिलेले. मी त्या फळ्याकडे पाहत कडुनिंबाखाली बसले. दुपारी रवींद्र आला. खात्यातर्फे त्याला हजर राहायचं होतं. तो चहा घेऊन आला आणि माझ्या शेजारी बसला.

“मॅडम, वर्गात तुम्ही सांगायला हवं होतं, की ते तुमचे वडील.”

“मग तू त्या वाक्यावर टीका केली असतीस का?”

“मी कुठे केली? मला ते पटलं होतं. अजूनही पटतं.” तो जरा थांबला. “राग मानू नका, पण गुणवंताचा साळा पांढुर्ण्याच्या बाजारात दलाल आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे?”

मला ठाऊक नव्हतं.

“या आठवड्यात पांढुर्ण्याचा भाव इथल्यापेक्षा बराच चढा आहे,” तो म्हणाला.

ऊन कलायला लागलं. रांग पुढे सरकत होती आणि मागून नव्या गाड्या येत होत्या. त्यांत घंट्यांची गाडी नव्हती. गुणवंताला मी किती ओळखत होते? बाबांच्या ओट्यावर बसणारा, हसणारा, चहा पिणारा माणूस. त्याच्यावर मी विश्वास टाकला, तो मला आवडायचा म्हणून, की माझा युक्तिवाद मला आवडला होता म्हणून? त्या दुपारी बाबांचं वाक्य मला पहिल्यांदा आतून कळलं. ते माणसांवर अविश्वास असलेल्या माणसाचं वाक्य नव्हतं. इतक्या लोकांवर विश्वास टाकून, त्यांतल्या काहींची वाट पाहत असाच बसून राहिलेल्या माणसाचं होतं. ते असते तर मी त्यांना हे सांगितलं असतं. ते नव्हते, म्हणून मी रवींद्रला सांगितलं. त्याने माझा रिकामा कप उचलून नेला.

मानकर काट्यापाशी येऊन उभे राहिले होते. दोनदा त्यांनी घड्याळात पाहिलं, आणि दोन्ही वेळा माझ्याकडे पाहायचं टाळलं.

सूर्य झाडांच्या शेंड्यांपर्यंत आला असेल, तेव्हा फाटकापाशी गलका झाला. “अरे, सरकारी पाहुणे आले!” कुणीतरी ओरडलं. बैलांच्या कपाळावर कुंकवाचे मळवट होते, शिंगांना हार होते. पंचफुला नवी कोरी साडी नेसून कापसाच्या ढिगावर बसली होती. गुणवंता गाडी हाकत होता आणि रांगेतल्या प्रत्येकाला काहीतरी सांगत येत होता.

मी उठले. “भाऊ, एवढा उशीर?”

“काय करू, ताई! सरकारनं पकडलेले बैल पाहाले सारं गाव आलं. जो तो ताट घेऊन. एकीनं ओवाळलं तं दुसरी रुसते. दुपार तेथीसाच झाली.”

“आणि तुमचे साळे? पांढुर्ण्याचे?” मी विचारलंच.

गुणवंता गडबडला. उत्तर वरून पंचफुलाने दिलं. “आला होता न माहा भाऊ. म्हणे, बाई, इथीसा भाव काय देतीन, मले दे. म्हटलं, नलूबाईची सही हाय तेथीसा, तू चाल आपल्या घरी.” मग तिने नव्या साडीचा पदर सारखा केला. “भाऊबीजेची साडी आणली होती, थे ठेवून घेतली.”

रवींद्र मोठ्याने हसला. गाडी काट्यावर गेली. मानकरांनी जप्तीच्या वेळचं वजन काढून शेजारी ठेवलं होतं. त्यांनी आकडा पाहिला, पुन्हा पाहिला आणि कपाळाला आठी घातली.

“कमी भरतो.”

“किती?” रवींद्रने विचारलं.

“फार नाही. पण कमी आहे.”

“देवाले ठेवला न, साहेब,” गुणवंता म्हणाला. “ओंजळभर. वातीचा.”

ओंजळभर कापूस सीमेपलीकडे गेला होता आणि परत आला नव्हता. परवाना नव्हता. कायद्यात ओंजळीचा उल्लेख कुठेही नव्हता. मानकरांनी नाक पुसलं आणि पेन उघडलं.

“कापूस वाळला की वजन घटतं,” ते म्हणाले. “घट म्हणून लिहितो. विषय संपला.”

ते दयाळूपणे बोलत होते. तसं लिहिलं असतं तर सगळेच घरी गेले असते. पण मी म्हटलं, “साहेब, घट नका लिहू. जे झालं ते लिहा.”

“बाई, तुम्ही स्वतःच्या सहीवर उठल्या की काय?”

“आपण सगळ्यांनी मिळून घट लिहिली, तर पुढच्या वर्षी कोणाला कळणार की लोक कापूस घरी का नेतात? नियम बनवणाऱ्यापर्यंत हे पोचायला तर हवं. खोट्या नोंदींवर त्याने काय सुधारायचं?”

मानकर रवींद्रकडे वळले. “खात्याचं काय म्हणणं?”

रवींद्रने माझ्याकडे पाहिलं नाही. त्याने गाडीकडे पाहिलं, पंचफुलाकडे पाहिलं आणि मग जरा विचार करून म्हणाला, “खात्याची हरकत नाही, साहेब. पण नोंद खरी असावी, यावर माझाही आग्रह आहे.”

मानकरांनी सावकाश लिहिलं आणि लिहिलेलं मोठ्याने वाचलं. “ओंजळभर कापूस मालकाच्या घरी देवापुढे ठेवला आहे. विक्री झालेली नाही. ज्यांचं शेत या बाजूला व घर त्या बाजूला, अशांसाठी पहिल्या गाडीची सोय करावी, अशी शिफारस.” त्यांनी सही केली आणि माझं जामीनपत्र माझ्या हातात परत दिलं. “वर पाठवतो. वरचे काय करतील ते मला विचारू नका.”

मी शेवटच्या बसने सौंसरला आले. आई जेवायची थांबली होती. तिने सगळं ऐकून घेतलं, बांड्याने कोणाच्या हातून खाल्लं ते पुन्हा एकदा विचारलं आणि ताट वाढता वाढता म्हणाली, “ते असते तर म्हणाले असते, एक गाडी परत आली म्हणून कायदा चुकीचा ठरत नाही.”

“हो. म्हणालेच असते.”

“मग?”

“मग मी म्हणाले असते, पण एक गाडी परत आली.”

आईने भाजी वाढली. मला वाटलं ती रडेल, पण तिने विचारलं, “आणि मग ते?”

आम्ही दोघी बराच वेळ बोलत बसलो, त्यांच्या बाजूने आणि माझ्या. त्यांची बाजू आईला माझ्यापेक्षा चांगली येत होती. जेवण झाल्यावर मी टेबलावरचं शेवटचं प्रकरण उचललं आणि त्याचं पहिलं पान बाजूला काढून टाकलं. ते पान फार सहज पटणारं होतं. कोऱ्या कागदावर वरती बाबांचं वाक्य लिहिलं, त्यांच्या नावासकट, आणि त्याखाली माझी हरकत लिहायला घेतली.